एका युनिटाचा जमाखर्च
(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील ट्रक चालवितात. आम्ही भावंडे त्यांना अण्णा म्हणतो. मी चौथीत असताना उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मला एकदा कराडहून चिपळूणला नेले होते. कुंभार्ली घाट उतरताना केबिनमध्ये एकाएकी उग्र वास शिरला. मी नाक दाबले. आमच्या पुढे एक मालट्रक चालला होता आणि त्याच्या मागच्या चाकांतून निळसर धूर निघत होता. अण्णा म्हणाले, "लायनर जळाय लागल्यात त्याचं. उतारावर ब्रेकवरच बसलाय गडी." आणि त्यांनी आपली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिन गुरगुरले, गाडी आपोआप सावरली. घाट चढताना एवढे डिझेल जाळून मिळविलेली ताकद उतरताना नुसती धूर होऊन जाते, ही गोष्ट त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिली. समजली मात्र फार उशिरा.

समजण्याचे निमित्त झाले ते माझ्या धाकट्या भावाचे. त्याला फॉर्म्युला वन नावाच्या मोटार शर्यतींचे भारी वेड. मोबाइलवर जुन्या-नव्या शर्यती पाहत बसतो. त्यातील निवेदक सारखे बॅटरीबद्दल बोलतात, हे ऐकून मी विचारले, "पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत बॅटरीचे एवढे कौतुक कशाला?" त्यावर चिरंजीव म्हणाले, "तुला नाही कळणार ताई, तू आर्ट्सची." अण्णा शेजारीच जेवत होते. त्यांना मी भावाकडून जेवढे समजले तेवढे सांगितले, की ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद ही मंडळी पेटीत साठवितात आणि पुढे परत वापरतात, आणि ती कोठे किती वापरायची हे गाडीतील संगणक ठरवितो. अण्णांनी घास हातातच धरून विचारले, "मग डायवर काय करतो?"

भावाला उत्तर देता आले नाही. मलाही आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने यात पडावे का, असे काही प्राध्यापकांना वाटेल. पण शेजारच्या मुलीचे बारावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक, शब्दकोश, आणि जागतिक मोटार महासंघाने सर्वांसाठी खुली ठेवलेली नियमावली एवढ्यावर पुष्कळ कळते, असा माझा अनुभव आहे. नियमावलीची भाषा आमच्या राज्यशास्त्राच्या पेपराला लावलेल्या राज्यघटनेपेक्षा फारशी अवघड नाही.

प्रथम मापे समजून घेऊ. एक किलोवॅट शक्ती एक सेकंद चालली की एक किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. असे हजार किलोज्यूल म्हणजे एक मेगाज्यूल. आपल्या घरच्या वीज बिलावरील एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याची गंमत येणार आहे.

आता मोटार व चालक मिळून 800 किलो वजन धरा. ताशी 300 किलोमीटर वेगाने धावताना तिच्या अंगात सुमारे 2.8 मेगाज्यूल गतिज ऊर्जा असते. वळणासाठी वेग 100 पर्यंत उतरविला की जेमतेम 0.3 उरते. म्हणजे एका वळणाच्या तोंडाशी अडीच मेगाज्यूल, पाऊण युनिटाला किंचित कमी, ब्रेकच्या तबकड्या तापविण्यात जाते. घाटातील तोच धूर! फरक एवढाच, की येथे हा प्रकार दोन सेकंदांत आटोपतो.

ही ऊर्जा परत मिळविण्याचा पहिला प्रयत्न फॉर्म्युला वनमध्ये 2009 साली झाला. 'कर्स' या नावाने ती व्यवस्था ओळखली जाई. नियमाने तिची शक्ती 60 किलोवॅट आणि एका फेरीत वापरावयाची ऊर्जा 400 किलोज्यूल एवढीच ठरविली होती. भागाकार केला तर पावणेसात सेकंदांची चैन. ती कधी करायची हे चालक अंगठ्याने बटण दाबून ठरवीत असे. त्या वर्षी हंगेरीतील शर्यत लुइस हॅमिल्टनने मॅकलारेन मोटारीतून जिंकली, तो अशा संकरित मोटारीचा या स्पर्धेतील पहिला विजय. परंतु त्या वर्षीचे अजिंक्यपद ज्या ब्रॉन संघाने मिळविले त्याच्या मोटारीत ही यंत्रणा नव्हतीच! वजन वाहून नेण्याइतका तिचा फायदा नाही, असा अनेकांचा हिशेब होता. 2010 साली संघांनी आपसांत ठरवून ती बाजूला ठेवली आणि 2011 साली ती परत आली. तोवर हिशेब सोपा होता आणि तो माणसाच्या अंगठ्यात होता.

खरा बदल झाला 2014 साली. इंजिन लहान झाले, 1.6 लिटरचे, सहा सिलिंडरचे, टर्बो बसविलेले. त्याच्या जोडीला दोन विजेची यंत्रे आली. पहिले, एमजीयू-के, इंजिनाच्या मुख्य दांड्याला जोडलेले. वेग कमी करताना ते जनित्र होऊन वीज तयार करते, वेग वाढविताना मोटर होऊन चाकांना जोर देते. दुसरे, एमजीयू-एच, टर्बोच्या दांड्यावर. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने फिरणाऱ्या टर्बोपासून ते वीज काढी. ही मांडणी 2025 अखेरपर्यंत चालली, म्हणून पुढचे विवेचन मी मुख्यतः तिच्याच आधारे करते.

नियम असे होते. एमजीयू-केची शक्ती जास्तीत जास्त 120 किलोवॅट. म्हणजे सुमारे 160 अश्वशक्ती. आमच्या गावच्या विहिरींवरील पाच अश्वशक्तीचे बत्तीस पंप एकदम सुरू केल्यासारखे. या यंत्रातून बॅटरीत एका फेरीला 2 मेगाज्यूलपेक्षा जास्त जमा करायचे नाही, आणि बॅटरीतून या यंत्राला 4 मेगाज्यूलपेक्षा जास्त द्यायचे नाही. चार मेगाज्यूल म्हणजे किती? एक युनिट आणि वर थोडे. कोट्यवधींची मोटार, शेकडो अभियंते, आणि भांडण चालले आहे ते एका युनिटासाठी! हे गणित सुटले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितले. ती म्हणाली, "आपलं तेवढं इस्त्रीला जातं."

जमा दोन आणि खर्च चार, हे कसे जमावे? उरलेले टर्बोवरच्या यंत्राने पुरवायचे. त्याच्याकडून बॅटरीत येणाऱ्या विजेला मर्यादा नव्हती, आणि बॅटरीला वगळून सरळ एमजीयू-केला दिलेली वीज तर हिशेबातच धरली जात नसे. त्यामुळे ज्याचा टर्बो जास्त वीज देईल त्याचा खिसा कायम भरलेला. 2015 साली होंडा कंपनीने मॅकलारेन संघासाठी जे इंजिन दिले ते येथेच मार खाई. फर्नांडो आलोन्सोसारखा दोन वेळा अजिंक्यपद मिळविलेला चालक सरळ रस्त्याच्या मध्यावर वीज संपल्याने हतबल होई आणि मागचे त्याला ओलांडून जात. त्याच होंडाच्या इंजिनावर 2021 साली मॅक्स व्हर्स्टापेन अजिंक्य ठरला, हेही येथेच सांगून टाकते.

दोन मेगाज्यूल तरी ब्रेकमधून सहज मिळतात का? नाही. वर पाहिले की एका वळणाशी अडीच मेगाज्यूल उधळले जाते. पण यंत्राची शक्ती 120 किलोवॅटच; दोन सेकंदांच्या ब्रेकमध्ये ते फार तर 0.24 मेगाज्यूल उचलणार. साधारण दहावा हिस्सा. पावसाळी ओढ्याला पूर आला आहे आणि आपल्या हाती कळशी आहे, अशी ही स्थिती. म्हणून संगणक आणखी युक्त्या करतो. वळणाच्या मध्यात चालकाने पेडल अर्धेच दाबले असेल तर इंजिनाला त्याहून जास्त काम करू द्यायचे आणि वरचा जोर जनित्राने खाऊन बॅटरीत टाकायचा. चाकांना मात्र चालकाने मागितला तेवढाच जोर पोहोचतो. त्याला काही कळतही नाही. शर्यत पाहताना मोटारीच्या मागचा तांबडा दिवा लुकलुकताना दिसला तर समजावे, आत भरणा चालू आहे.

आता खर्चाकडे वळू. माझ्या मते सगळी अक्कल येथे आहे.

आपल्याजवळ फेरीला एक युनिट आहे आणि मोटर पूर्ण ताकदीने चालविली तर ते 33 सेकंदांत संपते. फेरी बहुधा सव्वा-दीड मिनिटाची. पेडल तळाशी दाबलेले असते तो काळ 33 सेकंदांहून अधिक. मग वीज कोठे घालावी? मला वाटले होते, जेथे वेग सर्वांत जास्त तेथे. अगदी उलट! शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. तेव्हा शक्ती तीच असेल तर वेग वाढेल तसा जोर घटणार. 120 किलोवॅटची मोटर ताशी 100 किलोमीटर वेगाला सुमारे 440 किलो वजनाइतक्या जोराने मोटारीला ढकलते. 300 किलोमीटरला तीच मोटर 147 किलोइतकाच जोर देते. भरीस भर, वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग तिप्पट झाला की अडथळा नऊपट. म्हणजे सरळ रस्त्याच्या शेवटी घातलेली वीज वाऱ्यात जाते. वळणातून बाहेर पडतानाच घातली तर मिळालेला वाढीव वेग पुढचा सारा रस्ता आपल्याबरोबर राहतो. फक्त अगदी हळू वेगात घालून चालत नाही, कारण तेथे टायरची पकड अपुरी पडते, चाके जागीच फिरतात आणि वीज जाऊन वर टायर झिजतात. पकड पुरू लागली की लगेच द्यायची, आणि रस्त्याच्या शेवटाकडे हात आखडता घ्यायचा. सरळ रस्ता संपण्यापूर्वी मोटारीचा वेग वाढायचा थांबतो आणि इंजिनाचा आवाज किंचित बदलतो, त्याला 'क्लिपिंग' म्हणतात. भाऊ समजत होता की तो बिघाड आहे. तो बिघाड नसून काटकसर आहे, हे आर्ट्सच्या मुलीने त्याला सांगितले.

हा हिशेब शर्यतीच्या आधी कारखान्यात होतो. संगणकावर मोटारीचे गणिती रूप उभे करतात, मार्गाचे लहान तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात थोडी वीज जास्त घातली तर फेरीचा किती वेळ वाचतो ते काढतात. आई शनिवारच्या बाजारात हेच करते. शंभर रुपये असतात; दहा रुपये भाजीतून काढून डाळीला लावले तर बरे का, हे ती मनात चाळवीत राहते, आणि कोठून कोठेही हलवून फायदा होईनासा झाला की थांबते. अभियंत्यांचेही तसेच. निष्पन्न होणारा तक्ता मोटारीतील नियंत्रक संगणकात भरतात. हा संगणक 2008 पासून सर्व संघांना एकाच प्रकारचा, मॅकलारेनच्या इलेक्ट्रॉनिक विभागाने बनविलेला, वापरावा लागू लागला. तक्ते मात्र ज्याचे त्याचे. चाकांच्या फेऱ्यांवरून तो प्रारंभरेषेपासूनचे अंतर मोजतो आणि तक्त्यात त्या जागेला जे लिहिले असेल तेवढी वीज सोडतो. चालकाचा पाय सांगतो 'एवढा जोर हवा'. त्यातील किती इंजिनाने द्यायचा आणि किती मोटरने, ही वाटणी संगणकाची. बॅटरी फार तापली किंवा फार उतरली तर तो तक्ता बाजूला ठेवून हात आखडतो.

पात्रता फेरीत भरलेली बॅटरी घेऊन निघायचे आणि रिकामी करून यायचे, उद्याची चिंता नाही. शर्यतीत तसे नाही. आज जास्त उडविले तर पुढच्या फेरीत पोट मारावे लागते. पुढच्याला ओलांडण्यासाठी चालक बटण दाबून तक्त्याबाहेरची उचल करू शकतो. ती पुढच्या एक-दोन फेऱ्यांत फेडावी लागते, आणि नेमक्या त्या वेळी मागचा टपून बसलेला असतो. उचलीचा हा अनुभव आमच्याकडच्या ऊसतोड कुटुंबांना निराळा सांगायला नको.

येथवर ऐकून अण्णा म्हणाले, "म्हणजे डायवर नुसता बसलाय." तेव्हा मी त्यांना दोन शर्यतींची हकीकत सांगितली.

पहिली 8 जून 2014 ची, कॅनडातील मॉन्ट्रियल येथील. या मार्गावर ब्रेकला फार काम. मर्सिडीज संघाच्या दोन्ही मोटारी, हॅमिल्टन व निको रॉसबर्ग यांच्या, पुढे होत्या. शर्यतीच्या मध्याच्या सुमारास दोन्हींतील एमजीयू-के बंद पडले. 160 अश्वशक्ती गेली, ते तर झालेच. पण त्याहून मोठे संकट मागच्या चाकांत होते. मागची चाके रोखण्याच्या कामात जनित्राचा वाटा असतो, म्हणून मागचे ब्रेक लहान ठेवलेले असतात. चालकाने पेडल दाबले की किती भाग जनित्राने रोखायचा आणि किती तबकड्यांनी, हे संगणक क्षणाक्षणाला जुळवतो. जनित्र मेल्यावर सगळा भार त्या लहान तबकड्यांवर आला आणि त्या तापत गेल्या. हॅमिल्टनचे ब्रेक गेले, त्याला शर्यत सोडावी लागली. रॉसबर्गने मात्र ब्रेकचा भार पुढच्या चाकांकडे सरकविला, जपून जपून मोटार चालविली आणि लंगडी मोटार दुसऱ्या क्रमांकावर आणली. पहिला आला डॅनियल रिकार्डो. त्याचा तो पहिलाच विजय.

अण्णा एकदम सावरून बसले. "म्हंजे ह्यानं लायनर वाचवलं," ते म्हणाले. त्यांना रॉसबर्ग लगेच कळला.

दुसरी हकीकत 19 जून 2016 ची, अझरबैजानमधील बाकू शहराच्या रस्त्यांवरील. तेथे दोन किलोमीटरहून लांब असा टप्पा आहे की जेथे पेडल सुटतच नाही; विजेचा हिशेब चुकला तर लपायला जागा नाही. एक नियम येथे सांगितला पाहिजे. मोटारीतून संघाकडे माहिती येऊ शकते, पण संघाने बाहेरून मोटारीतील काही बदलणे 2003 पासून निषिद्ध आहे. जे बदलायचे ते चालकाने स्वतःच्या हाताने, स्टिअरिंगवरील बटणे व चकत्या फिरवून. त्यातून 2016 च्या आरंभी रेडिओवरून चालकाला शिकविण्यावरही कडक बंधने आली होती. बाकूला मर्सिडीजच्या मोटारींत शर्यतीपूर्वी भरलेली एक मांडणी चुकीची होती. तिच्यामुळे वीज हवी तशी मिळेना. चूक कारखान्याची, पण सुधारायची चालकाने. हॅमिल्टन रेडिओवर विचारीत राहिला. संघाला उत्तर ठाऊक होते आणि ते देण्यास मनाई होती! त्या चिंचोळ्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना भिंती, तो स्टिअरिंगकडे पाहत एकेक मांडणी चाचपत होता. त्याच्या अनेक फेऱ्या त्यात गेल्या. रॉसबर्गलाही तीच अडचण आली, पण त्याने थोड्याच वेळापूर्वी एक चकती फिरविली होती. ती आठवून त्याने लवकर वाट काढली. रॉसबर्ग जिंकला, हॅमिल्टन पाचवा आला. ही बंधने त्याच वर्षी जुलैमध्ये पुष्कळशी सैल करण्यात आली.

या प्रसंगाने मी बराच वेळ अस्वस्थ होते. तक्ता लिहिणारा हजारो मैलांवर, तो बरोबर असला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि चुकला तर भिंतीजवळून जाणारा दुसराच कोणी. संगणक गाडी चालवीत नाही. आधी कोणीतरी ठरविलेले तो इमानाने पाळतो, चूकसुद्धा इमानाने पाळतो. ती चूक आहे हे ओळखायला मोटारीत माणूस लागतो. निदान मला तरी अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर असे दिसते. भावाला ते पटलेले नाही. त्याच्या मते उत्तम चालकही चांगल्या तक्त्याविना मागेच राहील, आणि आलोन्सोचे उदाहरण तो माझ्याच तोंडावर फेकतो. त्यात तथ्य आहे.

2026 च्या नियमांनी हा हिशेब पुन्हा उलटापालटा केला. टर्बोवरील यंत्र काढून टाकले आणि एमजीयू-केची शक्ती 350 किलोवॅट, जवळजवळ तिप्पट केली. इंजिनाची उतरून सुमारे 400 वर आली. म्हणजे आता निम्म्याजवळ जोर विजेचा. या जोराने चार मेगाज्यूल साडेअकरा सेकंदांत उडतात. टर्बोची वरकमाई गेली, कळशीची मात्र घागर झाली. दोन सेकंदांच्या ब्रेकमध्ये 0.7 मेगाज्यूल उचलता येते. तरीही पुरत नाही, म्हणून पेडल तळाशी असतानाही सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिनाचा जोर जनित्राकडे वळवावा लागतो. चालकांपैकी काहींना हे मुळीच रुचलेले नाही. ज्याला उचल कधी घ्यावी आणि फेड कधी करावी हे कळते त्याचे दिवस आले, असे मला वाटते; पण मी स्टिअरिंगला हात न लावलेली मुलगी, माझ्या म्हणण्याला काय किंमत!

अण्णांना शेवटी एकच विचारायचे होते, ही पेटी ट्रकला बसेल का. मी सांगितले, विजेवर चालणाऱ्या गाड्यांत हे असतेच. पुणे-अहमदनगर मार्गावर 1 जून 2022 रोजी एसटीची 'शिवाई' सुरू झाली, तशा विजेच्या बसमध्ये उतारावर बॅटरी थोडी भरते. अण्णांनी विचारले, "आणि उतारालाच बॅटरी आधीच भरलेली असली तर?"

मी पुस्तक उघडून बसले. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालता येत नाही. मग गाडी ब्रेकवरच रोखावी लागणार. म्हणजे घाटमाथ्यावर पोहोचताना पेटीत जागा ठेवून यायला हवे. हे मी सांगेपर्यंत अण्णा उठले होते. त्यांना पहाटे चिपळूणची खेप होती.